वारांचा स्वभाव आणि आपला

सोमवार म्हटला की आपल्या मनात काय येते? हा प्रश्न यंदा फराळाच्या ताटाभोवती घरातल्या एकेकाला विचारून पाहावा. आजी म्हणेल, महादेव आणि उपास. मुलगा म्हणेल, न झालेला गृहपाठ. वडील म्हणतील, कचेरी. सूनबाई बहुधा काहीच म्हणणार नाही, कारण त्या वेळी ती स्वयंपाकघरात दुसरा घाणा तळत असेल. वार एकच, पण घरातल्या चार माणसांजवळ तो चार रूपांनी राहतो.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मास्तरकी करणाऱ्या माणसाला हा खेळ वर्गात खेळायला सवड मिळते. 'माझा आवडता वार' हा निबंध मी बरेचदा घालतो. रविवारच निवडणारी मुले पुष्कळ असतात आणि त्यांचे निबंधही एकमेकांसारखे असतात. वेगळे लिहिणारी थोडी. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. तिथला एक मुलगा लिहितो, 'आमचा रविवार बाबांच्या ड्यूटीवर असतो, कधी मंगळवारी येतो, कधी येतच नाही.' घोडनदीकाठची एक मुलगी सोमवार पसंत करते, कारण रविवारी तिला घरभराचे कपडे धुवावे लागतात आणि सोमवारी शाळा असते. भाजी विकणाऱ्या बाईचा मुलगा बाजाराच्या वाराखेरीज दुसरा वार ओळखतच नाही. वारावरून स्वभाव कळतो की नाही ते मला ठाऊक नाही. घर मात्र नक्की कळते.

मग वारांना स्वतःचा स्वभाव आहे की नाही? ज्योतिषाने तो दिला आहे. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असे सात ग्रह ओळीने मांडायचे आणि दिवसाची एकेक होरा एकेकाच्या ताब्यात द्यायची. चोवीस होरा संपल्या की पंचविसावी ज्याच्या वाट्याला येते, तो दुसऱ्या दिवसाचा धनी. शनीपासून मोजले तर ती रवीकडे येते आणि म्हणून शनिवारामागून रविवार. आपल्या देशात तिथी जुनी. कोरीव लेखांत वार दिसतो तो बराच नंतर. एरणच्या स्तंभावरच्या बुधगुप्ताच्या लेखात, म्हणजे इ. स. ४८४ मध्ये, गुरुवारचा उल्लेख आहे. आमच्याकडची म्हातारी माणसे त्याच गुरुवाराला बेस्तरवार म्हणतात आणि रविवाराला ऐतवार. बृहस्पती आणि आदित्य अशा रीतीने शेताच्या बांधावर येऊन बसले.

पण ग्रहांनी दिलेला स्वभाव कोरडा आहे. मराठी मनात वारांना जो जिवंत स्वभाव आला, तो श्रावणातल्या कहाण्यांनी आणला. या कहाण्यांकडे आपण व्रताचे अंग म्हणून पाहतो. पाटावर बसायचे, हातात अक्षता घ्यायच्या, एकीने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. वाङ्मय म्हणून त्या कोणी फारशा वाचत नाही. चार्ल्स किंकेड या इंग्रज न्यायाधीशाने १९१४ साली त्या इंग्रजीत नेल्या, महादेव विश्वनाथ धुरंधरांनी त्या पुस्तकाला चित्रे काढली, आणि पुस्तकाची सुरुवातच रविवारची कहाणी, सोमवारची कहाणी अशी वारांच्या क्रमाने झाली. परक्या माणसाला जे दिसले ते आपणही एकदा डोळे उघडून पाहावे. हा सात वारांचा एक छोटासा कथासंग्रह आहे.

सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. गावातले सगळे दूध देवळात यावे अशी दवंडी पिटली जाते. धाकापायी लोक वासरांना तोडतात, मुलांना उपाशी ठेवतात, आणि गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी मात्र घरची पोरे, सुना, वासरे तृप्त करते, उरलेले खुलभर दूध घेऊन येते आणि गाभारा भरतो. कथाकाराने राजाला दुष्ट केलेले नाही. त्याचा हेतू चांगलाच होता. त्याला फक्त दुसऱ्याच्या घरातली भूक दिसली नाही. एवढ्या थोड्या शब्दांत सत्तेच्या भक्तीवर असे बोट ठेवणारी गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही.

शुक्रवार हा आपल्या मनात लक्ष्मीचा, हळदीकुंकवाचा, फुटाण्यांचा. त्याची एक कहाणी मात्र बोचरी आहे. श्रीमंत भाऊ सहस्रभोजन घालतो आणि गरीब बहिणीला बोलावणे करीत नाही. ती मुले घेऊन आपणहून जाते, तर तो तिला पंगतीतून उठवतो. पुढे तिला बरे दिवस येतात आणि भाऊ सन्मानाने जेवायला नेतो. तेव्हा ती अंगावरचे दागिने काढून पाटावर ठेवते आणि एकेका दागिन्यावर एकेक घास घालते. बोलावणे ज्याला, त्याला जेवण. भाऊबीज चार दिवसांवर असताना प्रत्येक भावाने ही कहाणी एकदा वाचावी.

आता बुधवार आणि गुरुवार. २०१५ साली इंग्लंडात डेव्हिड एलिस, रिचर्ड वाइझमन आणि रॉब जेंकिन्स या मानसशास्त्रज्ञांनी लोकांच्या मनातले वार तपासले. सोमवार आणि शुक्रवार यांच्याभोवती लोकांजवळ शब्दांचा भरणा होता; सोमवारचे शब्द कंटाळ्याचे, शुक्रवारचे आनंदाचे. मधल्या तीन वारांभोवती शब्द थोडे, आणि म्हणून ते वार माणसे एकमेकांत घोटाळत होती. ज्या आठवड्याला दोनच टोके, कामाला जुंपण्याचे आणि सुटण्याचे, त्याचे मधले दिवस असे बेवारस होतात. आपल्या कहाणीकारांनीही बुध आणि बृहस्पती यांना एकाच कहाणीत बसवले आहे, पण त्यांना चेहरा दिला आहे. मामा-भाचे दारी भिक्षेला येतात. भरल्या घरातल्या सुना म्हणतात, आमचे हात रिकामे नाहीत. पुढे दारिद्र्य येते, हात खरोखरच रिकामे होतात, आणि मामा-भाचे पुन्हा येतात. धाकट्या सुनेला त्या रिकामेपणाचा अर्थ कळतो आणि तिथून घराचे दिवस पालटतात. आठवड्याच्या मधल्या दिवसांचे याहून खरे चित्र कोणते? बुधवारी कोणाचे हात रिकामे असतात?

रविवारच्या आदित्यराणूबाईच्या कहाणीतही तेच आहे. बाप मुलीकडे कहाणी सांगायला जातो. एक राणी झालेली असते. राजा शिकारीला निघाला आहे म्हणून तिला ऐकायला वेळ नसतो. दुसरी ऐकते. वेळ नसलेलीचे राज्य जाते. शनिवारच्या कहाणीत घरात धड तेल नसताना एक मुलगा दाराशी येऊन न्हाऊ-माखू घाल म्हणतो. साऱ्या कहाण्यांत दाराशी कोणीतरी येऊन उभे असते, आणि घरातले माणूस कसे वागते त्यावर त्या वाराचे फळ ठरते. अमुक वारी जन्मलेला अमुक स्वभावाचा, असे मी ज्या कहाण्या घेतल्या त्यांत कुठेच म्हटलेले नाही. हा त्यांचा मोठेपणा.

दोषही सांगितले पाहिजेत. कसोटीला बहुतेक वेळा बाईच उभी असते. राजा झाला तरी घराचे भाग्य सुनेच्या उपासावर टांगलेले. मंगळागौरीच्या कहाणीत अल्पायुषी नवऱ्याला सापापासून वाचवायचे ते नवऱ्या मुलीने, तेही लग्नाच्या रात्री. कथा म्हणून प्रसंग रंगतो. पण हीच कहाणी ऐकत वाढलेल्या समाजात नवरा गेला तर बोट कोणाकडे दाखवले जाते, हे वेगळे सांगायला नको. आणि फळ म्हणून मिळते ते बहुधा राज्य, वाडा, सोने. म्हातारीच्या खुलभर दुधाला सोन्याचा मोबदला लागू नये, असे मला वाटते.

कहाण्यांनी जे केले नाही ते आपण करतो. मंगळवारी जन्मली म्हणून पोरीचे नाव मंगल ठेवतो तोवर ठीक. पण मंगळवार आणि पत्रिकेतला मंगळ यांचा एकमेकांशी काही संबंध नसताना माणसे दोहोंची सांगड घालतात, आणि 'मंगळी' या एका शब्दापायी मुलगी घरात बसते. शनिवारचा म्हटल्यावर पोराच्या प्रत्येक हट्टाला शनी चिकटतो. रांजणगावच्या महागणपतीला अंगारकीला, म्हणजे मंगळवारच्या संकष्टीला, रांगा लावणारी माणसेही हीच. दर्शनाला शुभ ठरणारा वार पोरीला अशुभ कसा, हे त्यांनी मला समजावून सांगावे.

अशा शब्दांनी काय होते याचा एक दाखला दूरच्या आफ्रिकेत आहे. घानामधल्या अशांती लोकांत मुलाला जन्मवाराचे नाव देतात. क्वामे एनक्रुमा शनिवारचे, कोफी अन्नान शुक्रवारचे. सोमवारचा मुलगा शांत आणि बुधवारचा तापट अशी तिथली समजूत. गुस्ताव जाहोदा या मानसशास्त्रज्ञाने कुमासीच्या बालन्यायालयाच्या नोंदी पाहिल्या आणि १९५४ साली लिहिले, की मारहाणीसारख्या गुन्ह्यांत बुधवारची मुले त्यांच्या संख्येच्या मानाने अधिक आढळली. बुध ग्रहाने त्यांना तापट केले म्हणावे, तर आपला बुध सौम्य! ज्या मुलाकडून पाळण्यापासून भांडणाचीच अपेक्षा केली, तो भांडायला शिकला, असे मानणेच मला सोपे वाटते. पहिल्या दिवशी 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवलेला मुलगा वर्षअखेर तिथेच का असतो, हे मास्तराला अशांती लोकांकडून शिकावे लागत नाही.

वाराचा स्वभाव माणसे बदलूही शकतात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली. रविवार हा आमच्या खंडोबाचा वार, हे त्यांचे एक म्हणणे होते. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. जेजुरीच्या देवाचा वार अशा रीतीने थकलेल्या माणसाचा वार झाला. दौंडच्या त्या मुलाच्या बापाला तो अजून पुरता मिळालेला नाही, आणि घोडनदीच्या त्या मुलीला तर मुळीच नाही.

म्हणून कोणाचा स्वभाव ओळखायचा असेल तर त्याचा जन्मवार विचारू नये. त्याच्या रविवारचे कपडे कोण धुते, ते विचारावे.

दिवाळी ही तिथींची. वसुबारस, धनत्रयोदशी, पाडवा, भाऊबीज यांना वार विचारायचा नसतो. हे चार दिवस सगळे वार एका पंगतीला बसतात. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या माणसालाही एकदा बाहेर बोलवावे आणि विचारावे, तुमचा आवडता वार कोणता? उत्तर ऐकायला मात्र हात रिकामे ठेवावेत.