तंतुवाद्यांचे मास्तर आणि त्यांचा नसलेला संघ

जबलपूरच्या बडा फुहाऱ्याच्या बाजारात गिटारच्या तारा मागितल्या, तर दुकानदार तीन कंपन्यांचे संच समोर टाकतो. व्हायोलिनच्या मागितल्या तर एक संच निघतो, बहुधा स्वस्त वाद्याबरोबर येणाराच. सतारीच्या तारांचं उत्तर ‘मंगवा देंगे’ असं असतं. आणि सतारीची जवारी बसली आहे, ती काढून देणारं इथे कोणी आहे का, असं विचारलं की तो उलट आपल्यालाच विचारतो, ‘‘आप कहाँ से हैं?’’

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. खपेल ते ठेवायचं, हा कमानिया गेटपासून सराफ्यापर्यंत सगळ्यांचाच रिवाज आहे. पण या शहरात तंतुवाद्यं शिकवणारे आणि शिकणारे आहेत. भातखंडे संगीत महाविद्यालय आहे, आकाशवाणीचं केंद्र आहे, आणि गोलबाजारातल्या जुन्या मराठी घरांत आजी सतार वाजवायची, असं सांगणारी नातवंडंही भेटतात. मुलं दरवर्षी परीक्षा देतात, प्रमाणपत्रं भिंतीवर लागतात. तरीही जबलपूरच काय, नागपूर, इंदूर, भोपाळ अशा कुठल्याही शहरात सतार किंवा व्हायोलिन शिकवणाऱ्या मास्तरांना अडचण आली, तर त्यांनी जायचं कुणाकडे, याचं उत्तर नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्था आपल्याकडे भरपूर झाल्या. शिक्षकाच्या पाठीशी उभी राहणारी संस्था मात्र झाली नाही. मध्य भारतातल्या तंतुवाद्यांच्या आजच्या अवस्थेचं मूळ मला इथे दिसतं.

एके काळी अशा संस्थेची गरज नव्हती, कारण घराणंच ते काम करत होतं. जबलपूरहून सतन्याच्या दिशेने रेल्वेने निघालं की काही तासांत मैहर येतं. तिथे महाराजा ब्रिजनाथसिंहांच्या आश्रयाने राहिलेल्या बाबा अल्लाउद्दीन खाँंनी अली अकबर, अन्नपूर्णादेवी, रविशंकर, निखिल बॅनर्जी घडवले, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांचं दुसरं काम कमी सांगितलं जातं आणि या लेखापुरतं तेच महत्त्वाचं आहे. 1918 च्या सुमाराला साथीत पोरकी झालेली मुलं गोळा करून त्यांनी मैहर बँड उभा केला. सतार, सरोद, व्हायोलिन, चेलो, इसराज अशी वाद्यं त्या मुलांच्या हातात दिली. बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग बनवला. (जबलपुरात तोफांचे गाडे बनवणारा कारखाना 1904 पासून चालू आहे, त्याच टापूत कुणाला तरी बंदुकीच्या नळीतून सूर काढावासा वाटला, हे मला फार आवडतं.) बाबांचे धाकटे भाऊ आयेत अली खाँ वाद्यं स्वतः घडवत, आणि आजच्या सरोदच्या घडणीत या दोघा भावांचा मोठा वाटा आहे. म्हणजे विद्या, वाद्य, दुरुस्ती, एकत्र वाजवण्याची सवय आणि दोन वेळचं जेवण, हे सगळं एकाच छपराखाली होतं. शिस्तीच्या नावाखाली तिथे मारही होता आणि त्याचं कौतुक करण्याचं कारण नाही. पण शिकणारा एकटा पडत नव्हता.

घराण्यांकडून विद्या शाळांकडे आली, ती मुख्यतः दोन मराठी माणसांमुळे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. विष्णु नारायण भातखंड्यांनी 1918 मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालयाची घडी बसवली आणि 1926 मध्ये लखनौच्या मॅरिस कॉलेजची. पलुस्करांना शाळा म्हणजे काय हे चांगलं कळलं होतं. विद्यार्थ्यांच्या वर्गांबरोबर त्यांनी शिक्षक तयार करणारा उपदेशक वर्ग चालवला, छापखाना घातला, वाद्यं बनवण्याचा आणि दुरुस्तीचा कारखानाही काढला. पुढे कर्ज झालं आणि मुंबईच्या इमारतीचा लिलाव झाला. 1931 मध्ये ते गेल्यावर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. या मंडळाने देशभर संगीताच्या परीक्षा नेल्या, 1947 पासून ‘संगीत कला विहार’ हे मासिक चालवलं. हे काम मोठंच आहे, मी ते नाकारत नाही. पण वर्ग, उपदेशक, छापखाना, कारखाना या गुरुजींच्या पसाऱ्यातून गावोगाव पोचली ती परीक्षा. कारखाना पोचला नाही.

भातखंड्यांच्या बाबतीत तर गंमतच आहे. तरुणपणी ते स्वतः सतार शिकले होते. तरी त्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ सहाही भागांत गाण्याच्या बंदिशींनी भरलेली आहे. त्या बंदिशी जपल्या नसत्या तर आपण कंगाल झालो असतो, हे खरंच. पण त्या मालिकेच्या बळावर उभे राहिलेले अभ्यासक्रम मुळात गवयाचे अभ्यासक्रम झाले, आणि वादकांना त्यांत पोटभाडेकरू म्हणून जागा मिळाली. राग तोच, तालही तोच. ख्यालाच्या जागी मसीतखानी आणि रझाखानी गत लिहिली की काम झालं, अशी समजूत रूढ झाली.

याचा परिणाम व्हायोलिनच्या परीक्षेला बसलं की दिसतो. समोर दहा-अकरा वर्षांचं पोर मांडी घालून बसलेलं असतं, वाद्याचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकलेलं. वाद्य पूर्ण मापाचं असतं, कारण आईवडिलांनी ते शाळेच्या गणवेशासारखं वाढत्या अंगाचं घेतलेलं असतं. डावा हात पुरत नाही म्हणून मनगट मोडतं. गज तारेवर सरळ न चालता घोडीकडे घसरतो आणि सूर किरकिरतो. परीक्षक बहुतेक वेळा गायक. तो भूपात मध्यम लागला का, आलापाची बढत बरोबर आहे का, तिहाई समेवर आली का, हे चोख बघतो. गज कसा धरलाय, अंगठा कुठे आहे, हे त्याच्या कागदावरच नसतं. पोर पास होतं. पुढे मध्यमा परीक्षेपर्यंत पोचतं, मग खांदा दुखायला लागतो आणि दहावीचं वर्ष येतं. वाद्य माळ्यावर जातं. दहावीला बोल लावणं सोपं आहे, पण त्याआधीच्या चार वर्षांत त्या पोराच्या उजव्या हाताकडे कुणी पाहिलं होतं?

मापाची व्हायोलिन मिळत नाहीत असंही नाही. पाव, अर्धं, पाऊण, सगळी मापं मोठ्या शहरांत विकत मिळतात. मास्तरांकडे तीन-चार वाद्यं असतील तर मूल वाढेल तशी ती फिरवता येतात. पण शिकवणीवर घर चालवणारा मास्तर एवढी वाद्यं घेणार कुठून? दहा मास्तरांनी मिळून घेतली तर काहीच अवघड नाही. पण ते दहा मास्तर कधी एका खोलीत बसलेले मी पाहिलेले नाहीत. उलट, गावातल्या दुसऱ्या मास्तरांचं नाव काढलं की चहाचा कप खाली ठेवला जातो.

वास्तविक व्हायोलिनवर मराठी माणसाने हक्क सांगावा अशी परंपरा आहे. गजाननराव जोशी (1911–1987) गायक म्हणून जेवढे मोठे, तेवढेच व्हायोलिनवादक म्हणून. श्रीधर पार्सेकर गोव्याचे. वाईत 1922 मध्ये जन्मलेले वि. गो. जोग लखनौला शिकवत होते, मैहरच्या बाबांकडेही शिकले आणि अखेरपर्यंत कोलकात्यात राहिले. बिस्मिल्ला खाँंबरोबरची त्यांची जुगलबंदी घराघरांत ऐकली गेली. डी. के. दातारांनी (1932–2018) हेच वाद्य गळ्यासारखं गायला लावलं. जोगांचा कल लयकारीकडे आणि तंतकारीकडे, दातारांचा गायकीकडे. या सगळ्यांच्या बैठकीत, वाद्य मिळवण्यात, गज चालवण्यात फरक होते, आणि त्यातल्या कुठल्या रीतीने लहान मुलाला सुरुवात करून द्यावी, हा शिक्षकाच्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे. त्यावर चर्चा व्हायची ती मैफलीनंतर, जेवणाच्या पानावर. ती मास्तरांपर्यंत पोचायची तर परिषद लागते, टिपण लागतं, कुणीतरी प्रात्यक्षिक दाखवावं लागतं. आपल्याकडे परिषदा भरतात, पण त्यांत घराण्यांवर निबंध वाचले जातात.

शिकून पोट कसं भरायचं, हाही प्रश्न याला जोडलेला आहे. 1940 मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, आणि त्या निर्णयाबद्दल कुणी काहीही म्हणो, त्या काळात साथीसाठी सारंगी आणि व्हायोलिन यांना रेडिओवर जागा राहिली. केंद्रांवर पगारी वादक होते. गावात शिकवणारा माणूस बरेचदा तोच असायचा, त्यामुळे त्याची शिकवणी पोटासाठी नसे. हार्मोनियम परतली आणि पुढे पगारी वादक निवृत्त झाले की त्यांच्या जागा रिकाम्याच राहू लागल्या. सारंगी तर मैफलीच्या साथीतूनही मागे हटली. पं. रामनारायण यांनी तिला एकलवादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली, 2024 मध्ये ते गेले; पण जबलपूरसारख्या शहरात सारंगी शिकायची म्हटली तर आधी गाडीचं तिकीट काढावं लागेल.

आता पुन्हा जवारीकडे येतो, कारण सगळी रड तिथेच कळते. सतारीच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो अगदी किंचित उताराचा असतो. तार त्या उतारावर जिथे निसटती टेकते, तिथून तो झणत्कार निघतो ज्याला आपण सतारीचा आवाज म्हणतो. रोजच्या वाजवण्याने तारेखाली खाच पडते, आवाज बसतो, आणि मग कारागीर कानस घेऊन तो माथा पुन्हा घासतो, म्हणजेच जवारी काढतो. घासायचं, तार लावायची, ऐकायचं, तार काढायची, पुन्हा घासायचं. एक घास जास्त झाली तर घोडीच वाया. पूर्वी घोडीला सांबरशिंग वापरत. वन्यजीव कायद्यानंतर ते गेलं, मग उंटाचं हाड आलं आणि आता कृत्रिम पदार्थही वापरतात. हे काम पुस्तकातून येत नाही. मिरजेत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. फरीदसाहेब सतारमेकर हे एकोणिसाव्या शतकातले मूळ कारागीर, आणि हे घराणं मूळचं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांपासून बनणाऱ्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बातम्या आल्या, सत्कार झाले. पण त्या मानांकनाने जबलपूरच्या मास्तरांची जवारी निघत नाही. त्यांना वाद्य गोणपाटात गुंडाळून मिरजेला पाठवावं लागतं आणि परत येताना भोपळा तडकणार नाही अशी प्रार्थना करावी लागते. म्हणून बरेच जण तशाच बसलेल्या आवाजावर शिकवतात. विद्यार्थ्याच्या कानावर पहिल्या दिवसापासून मेलेला सूर पडतो, आणि त्याला वाटतं, सतार अशीच वाजते.

हे सगळं सुटं सुटं सोडवायला गेलं तर सरकारकडे अर्ज करत बसावं लागेल. मध्य प्रदेशात 2008 पासून ग्वाल्हेरला राजा मानसिंह तोमर विद्यापीठ आहे, भोपाळला अल्लाउद्दीन खाँंच्या नावाची अकादमी आहे, मैहरला महोत्सव होतो. पण विद्यापीठ पदव्या देणार आणि अकादमी महोत्सव करणार. मधली जागा शिक्षकांनीच भरायची असते. अमेरिकेत तंतुवाद्य शिकवणाऱ्यांचा संघ 1946 पासून आहे, युरोपात 1972 पासून. त्यांच्या शाखा प्रांतोप्रांती आहेत. मुलांना कुठल्या वर्षी काय वाजवायला द्यावं याचे टप्पे ते ठरवतात, शिक्षकांची शिबिरं घेतात, मासिकं काढतात. तिकडचं सगळं इकडे आणा, असं मी म्हणत नाही. त्यांची वाद्यवृंदाची शाळा आपल्याकडे नाही. आणि आपल्याला घरचाच दाखला आहे. मुंबईच्या सिनेसृष्टीतल्या वादकांनी, ज्यांत गोव्याचे व्हायोलिनवादक मोठ्या संख्येने होते, आपली संघटना बांधली आणि रेकॉर्डिंगच्या मोबदल्याचा प्रश्न एकत्र लावून धरला. रेकॉर्डिंग करणाऱ्याला जे सुचलं, ते शिकवणाऱ्याला सुचायला काय हरकत होती?

हरकत एकच, आणि ती आपल्या स्वभावात आहे. आपल्याकडे संघ निघाला की पहिल्या वर्षी कार्यकारिणी निवडतो, दुसऱ्या वर्षी शाल-श्रीफळ देतो आणि तिसऱ्या वर्षी फुटतो. बृहन्महाराष्ट्रातली मराठी मंडळं याला अपवाद नाहीत. त्यांच्या गणेशोत्सवात नाट्यगीतांना दोन तास मिळतात, सतारीला वक्ते येईपर्यंतची वेळ. गाणाऱ्याला आपण कलावंत मानतो आणि वाजवणाऱ्याला साथीदार, हे निदान कबूल तरी करावं.

म्हणून जबलपूरच्या, आणि तिथूनच नागपूर-इंदूरच्याही मास्तरांना सांगणं आहे: घटना, बोधचिन्ह, उद्घाटक यांच्या भानगडीत पडू नका. जबलपूरचे जे कोणी सतार, सरोद, व्हायोलिन शिकवतात त्यांनी आपापल्या बिघडलेल्या वाद्यांची यादी करावी, भाड्याचे आणि मजुरीचे पैसे वाटून घ्यावेत आणि येत्या दिवाळीनंतर मिरजेचा एक कारागीर आठवडाभर आपल्या गावी बोलवावा. मराठी मंडळाने त्याच्या राहण्या-जेवण्याची सोय करावी, आणि तो घोडी घासत असताना मुलांना शेजारी बसू द्यावं.