सापेक्ष पथ आणि चाचणीचे अधिष्ठान

'येथे', 'पलीकडे', 'डावीकडे' ही दर्शक पदे स्वतंत्रपणे कोणत्याही स्थळाचा निर्देश करीत नाहीत. वक्ता कोठे उभा आहे हे कळल्यावाचून त्यांचा अर्थ पूर्ण होत नाही. संगणकातील सापेक्ष पथाची जात हीच होय. 'नमुने या डिरेक्टरीतील शब्दसूची' एवढेच आज्ञावलीत लिहिले, तर ती डिरेक्टरी कोठून शोधावयाची हे त्या लेखनावरून कळत नाही. ते चालू डिरेक्टरीवरून ठरते. ही चालू डिरेक्टरी प्रत्येक प्रक्रियेला तिच्या जनक प्रक्रियेकडून वारशाने मिळते.

स्वयंचलित चाचण्यांतील घोटाळ्याचे मूळ येथे आहे. विद्यार्थी प्रकल्पाच्या डिरेक्टरीत बसून चाचणी चालवितो, तेव्हा ती उत्तीर्ण होते. तीच चाचणी बिल्ड-स्क्रिप्टने अन्य ठिकाणाहून चालविली की फाइल सापडत नाही. आज्ञावलीत एका अक्षराचाही फरक पडलेला नसतो. वक्त्याची जागा तेवढी बदललेली असते. हे अपयश निदान दिसते तरी. त्याहून घातक ते खोटे यश. नव्या ठिकाणी त्याच नावाची जुनी सूची असली, तर मराठी शब्दरूपांच्या विश्लेषकाची परीक्षा त्या जुन्या सूचीवरच होते आणि प्रबंधातील निष्कर्ष निराधार ठरतो. क्वचित एकही चाचणी न सापडता काम 'यशस्वी' म्हणून नोंदले जाते. पायटेस्ट हे साधन अशा वेळी ५ हा निराळा संकेतांक देते. पायथॉनच्या स्वतःच्या युनिटटेस्टमध्ये ही सोय २०२३ मधील ३.१२ या आवृत्तीपासून आली.

यावर मुळापासूनचा पूर्ण पथ लिहावा, असा उपाय सुचविला जातो. तो वरवर निर्दोष भासतो. परंतु त्याचे वैगुण्य निलंग्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. १९५६ पर्यंत निलंगा तालुका हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आला. १९६० मध्ये राज्य महाराष्ट्र झाले आणि १९८२ मध्ये जिल्हा लातूर झाला. गाव तसूभरही हलले नाही, तरी त्याचा पूर्ण पत्ता वारंवार बदलला. याउलट, नीलकंठेश्वराचे मंदिर गावात कोठे आहे, हा संबंध मात्र अबाधित राहिला. पूर्ण पथात प्रकल्पाशी संबंध नसलेले वरचे दुवे गोवले जातात. म्हणून घरच्या संगणकावरील पथ विभागाच्या संगणकावर निरुपयोगी ठरतो.

तात्पर्य, पथ सापेक्षच असावा. मात्र त्याचे अधिष्ठान वक्त्याची जागा नसून प्रकल्पाची किंवा चाचणीच्या फाइलची स्वतःची जागा असावी. या कसोटीवर प्रचलित साधने पाहता मतभेद आढळतो. फेल्डमन यांचे 'मेक' (१९७६) आपल्या आज्ञा स्वतःच्या चालू डिरेक्टरीतच चालविते; जागा बदलावयाची तर तसे सांगावे लागते. 'गो' प्रत्येक पॅकेजच्या चाचण्या त्या पॅकेजच्याच डिरेक्टरीत चालविते. रस्ट भाषेचे 'कार्गो' चाचण्यांना पॅकेजचे मूळ देते. पण प्रत्यक्ष कार्यक्रम चालविताना हाक देणाऱ्याची डिरेक्टरी कायम ठेवते. परिणामी एकाच पथाचे दोन अर्थ होतात. ही विसंगती अक्षम्य नसली तरी फसवी आहे.

एनयुनिटच्या दुसऱ्या आवृत्तीत चालू डिरेक्टरी आपोआप चाचणी-संचाच्या ठिकाणी नेली जात असे. २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीने ती सोय काढून घेतली आणि चाचणीची डिरेक्टरी स्पष्टपणे विचारून घेण्याचा मार्ग दिला. त्या सोयीवर विसंबलेल्या जुन्या चाचण्या त्यामुळे मोडल्या, हे खरे. तरीही हा निर्णय अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे. गोची सोय सुखकर आहे. पण तिच्यामुळे अधिष्ठान गृहीतच राहते, आणि तोच संकेत चाचणीबाहेर नेला की पुन्हा निराधार होतो. एनयुनिटने ते अधिष्ठान उच्चारावयास लावले.

अभ्यासकाने यातून एक साधी परीक्षा घ्यावी. तीच बिल्ड-स्क्रिप्ट दोन भिन्न डिरेक्टरींतून चालवून पाहावी. निकाल भिन्न आले, तर आधी अधिष्ठान दुरुस्त करावे. तोपर्यंत त्या निकालांवर कोणताही भाषिक निष्कर्ष उभारू नये.