धंदा हीच सेवा? आधी तारखा बघा

‘घरचा धंदा हीच आमची ख्रिस्तसेवा’ असं एखादं कुटुंब म्हणतं, तेव्हा तुम्ही ते कसं वाचाल? भाबडेपणाने नको, आणि ढोंग म्हणून उडवूनही लावू नका. लॉवेल सॅत्रे यांचं ‘चॉकलेट ऑन ट्रायल’ (२००५) त्यासाठी वाचाच.

कॅडबरी हे क्वेकर पंथाचं कुटुंब. बोर्नव्हिलची बागेसह घरं म्हणजे त्यांच्या श्रद्धेचं डोळ्यांना दिसणारं रूप. पण साओ टोमे बेटावरचा कोको गुलाम पिकवतात, हे विल्यम कॅडबरींच्या कानावर आलं १९०१ मध्ये. खरेदी थांबली १९०९ मध्ये. मधली आठ वर्षं चौकशीत आणि वाटाघाटींत गेली. ‘स्टँडर्ड’ वृत्तपत्राने दांभिकतेचा आरोप केला. कॅडबरी बदनामीचा खटला जिंकले, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी!

सॅत्रे ही आठ वर्षं कागदोपत्री उलगडतात, ही पुस्तकाची ताकद. मर्यादाही तिथेच आहे. कागद मुख्यतः ब्रिटिशांचे, त्यामुळे अंगोलातून नेलेले मजूर आपल्याला दुसऱ्यांच्या तोंडूनच भेटतात.

तुमचा संशोधनप्रश्न लिहिताना हे लक्षात ठेवा. ‘श्रद्धा खरी होती का?’ याचं उत्तर दप्तरात सापडत नाही. ‘कळल्यावर काय केलं, आणि किती दिवसांनी?’ याचं सापडतं.