झाकिर हुसेन समितीचा अहवाल : रामपायलीच्या संदर्भात एक पुनर्वाचन

शाळा-महाविद्यालयांतील शिक्षण विद्यार्थ्याला जगण्यासाठी आणि कामासाठी तयार करते काय, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात सरकारी शाळांतील शिक्षण नित्याच्या जीवनाला उपयोगी पडत नाही, अशी स्पष्ट तक्रार केली होती आणि प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात शेतीच्या ज्ञानाचा समावेश व्हावा असे सुचविले होते. त्यानंतर या प्रश्नाची सर्वांत पद्धतशीर मांडणी झाली ती डॉ. झाकिर हुसेन समितीच्या अहवालात. २ डिसेंबर १९३७ रोजी सादर झालेला हा अहवाल 'वर्धा योजना', 'मूलोद्योग शिक्षण', 'नई तालीम' अशा नावांनी ओळखला जातो. नावे सर्वांना ठाऊक आहेत. अध्यापक विद्यालयांत त्यावर टीप लिहायला सांगितली जाते. मूळ अहवाल मात्र फारसा वाचला जात नाही, आणि म्हणूनच त्यात नसलेल्या गोष्टीही त्याच्या नावावर खपून जातात.

प्रस्तुत लेखात हा अहवाल रामपायलीसारख्या गावाच्या संदर्भात वाचण्याचा प्रयत्न आहे. रामपायली हे आज मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, वारासिवनी तहसिलीत, चंदन नदीच्या काठी वसलेले आणि राममंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव. १९३७ साली वर्धा आणि बालाघाट हे दोन्ही जिल्हे मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते. योजना वर्ध्यात जन्मली आणि ज्या प्रांताने ती आरंभी उचलली त्याच प्रांतातले हे गाव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. म्हणजे योजनेचे घर एका राज्यात आणि हे गाव दुसऱ्या राज्यात, अशी वाटणी झाली. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अहवाल ज्या उद्योगांविषयी बोलतो ते या परिसरात पुस्तकातून आलेले नाहीत. भाताची शेती आहे, वारासिवनीचा हातमाग आहे, तेंदूपाने आणि विडीचे काम आहे, जिल्ह्यात भरवेलीच्या मँगनीजच्या आणि मलाजखंडच्या तांब्याच्या खाणी आहेत. 'शाळेत काम आणावे' असे येथे म्हटले तर पहिला प्रश्न उभा राहतो : कोणाचे काम, आणि ते कशासाठी?

अहवालाकडे वळण्यापूर्वी एका शब्दाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. हा शब्द अरबी 'इल्म'च्या कुळातला, म्हणजे ज्ञानाशी नाते सांगणारा. मराठीत आल्यावर तोच शब्द कुस्तीच्या आखाड्याला लागला आणि नाटकाच्या सरावालाही लागला. मराठी माणसाने तालमीत अंगाला माती लावली आणि रंगमंचामागे पुन्हा पुन्हा संवाद घोकले. 'कसब' या शब्दाचा प्रवासही असाच. अरबीत त्याचा अर्थ कमाई, मराठीत कौशल्य. 'हुनर'चे 'हुन्नर' झाले. जाणणे, करणे आणि कमावणे या तीन गोष्टी दोन्ही भाषांनी मिळून एकमेकींच्या इतक्या जवळ आणून ठेवल्या असताना शाळेच्या वेळापत्रकाने त्या पुन्हा वेगळ्या काढल्या. झाकिर हुसेन यांचा अहवाल त्या जोडू पाहतो, हे त्याचे खरे महत्त्व.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेने चार ठराव केले. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले शिक्षण, आणि या पद्धतीतून हळूहळू शिक्षकांचा पगार निघेल अशी अपेक्षा. अभ्यासक्रम तयार करण्यासाठी नेमलेल्या समितीत विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, किशोरलाल मशरूवाला, ख्वाजा गुलाम सैयदैन, के. टी. शाह ही मंडळी होती, ई. डब्ल्यू. आर्यनायकम् निमंत्रक होते. जामिया मिल्लियाचे कुलगुरू असलेले, बर्लिन विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले झाकिर हुसेन तेव्हा चाळीस वर्षांचे होते.

समितीने आखलेले रोजचे वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. एकूण साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी. संगीत, चित्रकला व गणितासाठी ४० मिनिटे. मातृभाषेसाठी ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञानासाठी ३० मिनिटे. शारीरिक शिक्षणासाठी १० आणि मधल्या सुटीसाठी १० मिनिटे. हे आकडे वाचून अनेकांनी योजनेवर शिक्का मारला : ही शाळा नव्हे, कारखाना. परंतु हा आक्षेप वेळापत्रक पाहतो, पद्धत पाहत नाही. ३ तास २० मिनिटे हे केवळ हात चालविण्याचे नव्हते. त्या कामातूनच गणित, विज्ञान, भूगोल, भाषा शिकवायची होती. मराठीत या पद्धतीला 'समवाय' म्हणतात.

समवाय म्हणजे काय, हे रामपायलीच्या एका बांधीवरून समजून घेता येईल. पऱ्हे टाकण्यापासून रोवणीपर्यंत किती दिवस, एका एकराला किती बियाणे, पाणी किती बोटे ठेवायचे, हे येथील बारा वर्षांच्या मुलाला बहुधा माहीत असते. पण ते 'का' हे त्याला कोणी विचारलेले नसते. पाण्यात उभे राहून इतर पिके कुजतात आणि भात का कुजत नाही? बांधीचा बांध जमिनीच्या उताराशी कसा जुळवतात? चिन्नोर हा या जिल्ह्याचा सुवासिक तांदूळ. उशिरा येणारा आणि उतारा कमी देणारा. त्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कमी उतारा आणि जास्त भाव यांचा हिशेब मांडला तर शेतकऱ्याच्या पदरात शेवटी काय पडते? मानांकन मिळते म्हणजे कायद्याने नेमके काय मिळते? एका धानात वनस्पतिशास्त्र, भूमिती, व्यापारी अंकगणित आणि कायदा असे चार विषय आहेत. झाकिर हुसेन यांच्या शैक्षणिक विचारात काम शैक्षणिक ठरते ते अशाच अटींवर : आधी प्रश्न नीट ओळखावा, मग आखणी करावी, मग काम पार पाडावे आणि शेवटी आपणच आपले काम तपासावे. या चारांतली फक्त तिसरी पायरी उरली की ती मजुरी.

ही भीती झाकिर हुसेन यांना पहिल्या दिवसापासून होती, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. स्वावलंबनावर फाजील भर दिला तर शिक्षक गुलामांवरच्या मुकादमासारखे वागतील आणि गरीब मुलांचे श्रम लुबाडले जातील; तसे झाले तर टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल, असा इशारा त्यांनी परिषदेतच दिला होता. आर्थिक बाजूपायी सांस्कृतिक आणि शैक्षणिक उद्दिष्टांचा बळी जाण्याचा धोका अहवालातही नोंदलेला आहे. गांधीजींसमोर, त्यांच्याच परिषदेत, त्यांच्या योजनेच्या सर्वांत नाजूक जागेवर बोट ठेवणे आणि तरीही तिची जबाबदारी घेणे, ही विद्वत्तेची आणि निष्ठेची दुर्मिळ जोड आहे.

तथापि अहवालाच्या मर्यादा झाकून चालणार नाही. उद्योग निवडताना त्याने कताई-विणाई, सुतारकाम, शेती, चामड्याचे काम अशी नावे घेतली. पण ही कामे कोणती घरे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत, याचा विचार पुरेसा केला नाही. वारासिवनीच्या कोष्ट्याच्या किंवा नागपूरच्या मोमिनपुऱ्यातील विणकराच्या मुलाला माग घरीच होता. त्याला शाळा हवी होती ती मागापासून थोडे दूर जाण्यासाठी, निदान तसा पर्याय हाती असावा म्हणून. चर्मकाराच्या मुलाच्या बाबतीत तर प्रश्न आणखी बोचरा होतो. अहवालाचे उत्तर असे, की योजना सर्व मुलांसाठी आहे. वकिलाचा मुलगाही सूत कातेल आणि श्रमाची अप्रतिष्ठा संपेल. तत्त्व म्हणून उत्तर निर्दोष आहे. व्यवहारात मात्र बुनियादी शाळा प्रामुख्याने खेड्यांत निघाल्या, शहरांतील वरच्या वर्गाची विद्यालये जशी होती तशीच राहिली, आणि 'सर्वांसाठी' हा शब्द गळून पडताच योजनेचा अर्थ उलटा झाला. आजही एखाद्या व्यवसायशिक्षणाच्या योजनेची पारख करायची तर तिचा अभ्यासक्रम नंतर पाहावा. ती आखणाऱ्यांची मुले त्या वर्गात बसतात काय, हे आधी पाहावे.

दुसरी उणीव मुलींच्या बाबतीत. सात ते चौदा वर्षांचे सक्तीचे शिक्षण मांडणाऱ्या या अहवालाने पालकांची इच्छा असल्यास मुलींना बाराव्या वर्षानंतर शाळेतून काढून घेण्याची मुभा दिली. ही सवलत त्या काळच्या समाजाला दिली होती हे खरे. पण ज्या वयात काम आणि विचार यांची सांगड पक्की व्हायची, नेमकी तीच दोन वर्षे मुलींच्या हातून गेली. विडी वळणारे हात बहुतांशी बायकांचे असलेल्या भागात याची किंमत वेगळी सांगायला नको.

योजनेला तिसरा फटका बसला तो राजकारणाचा. मध्य प्रांतात रविशंकर शुक्ल यांची 'विद्यामंदिर' योजना याच सुमारास आली. तिच्या नावावरून मुस्लिम समाजात तीव्र नाराजी निर्माण झाली आणि १९३८ च्या पीरपूर अहवालात ती तक्रार नोंदवली गेली. वर्धा योजना आणि विद्यामंदिर योजना या दोन वेगळ्या गोष्टी. पण जनमानसात त्या एक झाल्या. परिणामी एका मुस्लिम शिक्षणतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली तयार झालेला अहवाल मुस्लिम संस्थांनीच दूर ठेवला. नावाविषयीचा आक्षेप समजण्यासारखा होता. त्यापायी आतील आशयही नाकारला गेला, हे नुकसान समाजाचे झाले, कारण हातावर पोट असलेल्या कारागिरांचे प्रमाण याच समाजात मोठे होते. सच्चर समितीने २००६ मध्ये मुस्लिमांतील स्वयंरोजगाराचे प्रमाण इतरांहून अधिक असल्याचे दाखवून दिले. म्हणजे सात दशकांनंतरही हात तेच होते.

स्वातंत्र्यानंतरची वाटचाल थोडक्यात पाहता येईल. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' आणला, ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' सुचविले, १९८६ च्या धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसायशिक्षणाकडे वळवण्याचे लक्ष्य ठेवले. ते गाठले गेले नाही. प्रत्येक वेळी काम हे शिकण्याचे माध्यम न राहता एक विषय झाले, पुढे एक तासिका झाले, आणि शेवटी गुणपत्रिकेवरची एक श्रेणी झाले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. मध्य प्रदेशाने २०२१-२२ पासून पदवी अभ्यासक्रमात एक व्यावसायिक विषय आणि प्रकल्प अथवा प्रत्यक्ष कार्य यांचा समावेश केला. जैविक शेती, औषधी वनस्पती, व्यक्तिमत्त्व विकास असे विषय विद्यार्थ्यांपुढे आले. हेतू चांगला आहे. पण जैविक शेती निवडणाऱ्या रामपायलीच्या विद्यार्थ्याने ती वर्गात, छापील टिपणांवरून शिकायची आणि संध्याकाळी घरी जाऊन बापाच्या बांधीत खत टाकायचे, या दोन्हींचा एकमेकांशी संबंधच येऊ नये, तर झाकिर हुसेन यांच्या चार पायऱ्यांपैकी त्याच्या वाट्याला एकही येत नाही. भाषेचेही तसेच. घरी पोवारी किंवा मराठी, शाळेत हिंदी, काही घरांत उर्दू. शेतीचे शब्द एका भाषेत आणि शेतीशास्त्राचे दुसऱ्या. मातृभाषेचा ठराव वर्ध्याच्या परिषदेने केला होता. सीमेवरच्या मुलाची मातृभाषा कोणती धरायची, हा पेच तिच्यापुढे नव्हता, आपल्यापुढे आहे.

अहवालातील एक सूचना आजही जवळपास अस्पर्शित आहे, ती परीक्षेविषयी. प्रचलित परीक्षापद्धती समितीला शिक्षणाला लागलेला शाप वाटत होती. तिच्या मते एखाद्या क्षेत्रातील निवडक विद्यार्थ्यांच्या प्रगतीची नमुना तपासणी करावी आणि त्यावरून शाळेचे काम जोखावे. म्हणजे परीक्षा मुलाची नव्हे, शाळेची. आजच्या महाविद्यालयात प्रकल्पाच्या वह्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात आणि अंतर्गत गुण सरसकट वाटले जातात, हे कोणत्याही प्राध्यापकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. समितीची सूचना लागू करायला शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. एका विभागाने एका वर्षी दहा विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून निवडावेत, त्यांच्या वह्या बाजूला ठेवाव्यात आणि त्यांना बांधीवर, मागावर किंवा दुकानात उभे करून 'हे असे का?' एवढेच विचारावे. मिळालेली उत्तरे विभागाच्या नावावर लिहावीत, विद्यार्थ्यांच्या नव्हे.