जुनाट कंबरदुखी आणि प्राथमिक वैद्यकाचे शिक्षण : एक चिकित्सा

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीच्या प्राथमिक स्तरावरील उपचारांसंबंधी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. 3 महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या, परंतु विशिष्ट आजाराशी निगडित नसलेल्या दुखण्याचा तीत विचार आहे. रुग्णशिक्षण व व्यायाम यांचा तिने पुरस्कार केला असून कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांचा सरसकट वापर अमान्य केला आहे.

या दृष्टीने दवाखान्यात सर्रास उच्चारले जाणारे ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य विचारणीय ठरते. मणक्यांतील वयोमानपरत्वे होणारे बदल वेदना नसलेल्यांच्या तपासणीतही आढळतात. मात्र अशा वाक्याने रुग्ण हालचालीस भितो आणि दुखणे लांबते. म्हणून वैद्यकाच्या शिक्षणात औषधांइतकेच भाषेलाही स्थान हवे.

तथापि भिवंडी तालुक्यातील काल्हेरच्या गोदामांत दिवसभर ओझी उचलणाऱ्या हमालास ‘हालचाल ठेवा’ हा उपदेश अपुरा आहे. त्याला श्रमांची नव्हे, विसाव्याची उणीव असते. कामाचे स्वरूप, ओझ्याचे वजन व बुडणारा रोज यांची विचारपूस करण्यास वैद्यकाला शिकविले पाहिजे. अन्यथा शास्त्रशुद्ध सल्लाही आचरणात येणे कठीण आहे.