‘तारीफ-इ-हुसेनशाही’ : चित्रांतील रंग आणि झांकलेली राणी

फारसी हस्तलिखितांत चित्र आढळलें कीं तें ‘इराणी कलमाचें’ म्हणून नोंदवावयाचें, ही संग्राहकांची संवय जुनी आहे. ती किती फसवी आहे हें पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांतील, आफताबी कवीच्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या काव्याच्या पोथीवरून कळतें. तालिकोटच्या इ. स. १५६५ च्या विजयानंतर अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) येथें सिद्ध झालेल्या या पोथींत मूळ १४ चित्रें होतीं. पैकीं १२ उरलीं आहेत.

उंच क्षितिज व सोनेरी आकाश ही इराणची देणगी खरी. या परंपरेची रीतहि तिकडचीच : कागद अकीकानें घोटावा, खारीच्या केंसांच्या कुंचलीनें रेखा काढावी, आणि लाजवर्द, हिंगूळ, हरताळ, नीळ, जंगाल हे डिंकांत खललेले रंग थरावर थर द्यावे. परंतु स्त्रियांची चोळी व लांब वेणी दक्षिणी आहे. आणि एका चित्रांत सुंदरीच्या स्पर्शानें वृक्ष फुलतो, तो दोहदाचा संकेत तर संस्कृत काव्यांतला. लिपीवरून कलम ठरवूं नये, तें याचसाठीं.

हुसेन निजामशहाची राणी खुंजा हुमायून हिचा कारभार इ. स. १५६९ मध्यें संपला. बहुतेक चित्रांतून तिची आकृति पुसलेली वा रंगानें झांकलेली आहे. हें तिच्या पतनानंतर घडलें असावें, असें अभ्यासक मानतात. आमच्या मतें पोथीचें मोल या झांकणानें उणें न होतां वाढलेंच आहे. पहिला थर दरबाराचा गौरव सांगतो, दुसरा त्याच दरबाराचा रोष. डिंकाचा रंग पाण्यानें सुटतो; ओल्या बोळ्यानें चित्र उजळूं पाहणारा मळाबरोबर हे दोन्ही पुरावे घालवितो. जंगाल तर कागदहि खातो, म्हणून अशीं पानें दमट जागीं ठेवूं नयेत.

याच राणीची कन्या चांदबिबी हिच्या आंदणांत सोलापूरचा किल्ला आदिलशाहीकडे गेला. तेव्हां सोलापूर व कलबुर्गी यांच्या मधल्या दुधनीसारख्या गांवीं सचित्र फारसी पोथी निघाल्यास, इराणचें नांव घेण्यापूर्वीं अहमदनगर व विजापूर आठवावें. विजापूरची ‘नुजूम-उल-उलूम’ (इ. स. १५७०) ही सचित्र पोथी डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहांत आहे, तीहि ताडून पाहावी. पोथीच्या वर्णनांत पत्रसंख्या व लेखकाचें नांव देऊन थांबूं नये. पान तिरप्या प्रकाशांत धरून रंग कोठें उडाला, कोठें दुसरा थर चढला, हेंहि लिहून ठेवावें.