कापून न टाकलेली हार

औंढा नागनाथला निघालो होतो. पाणंद रस्त्यावर काळ्या मातीने चाकं जाम झाली. काडीने चिखल उकरत, सायकल खांद्यावर घेऊन हिंगोलीला परतलो. रात्री 'राइड द डिव्हाइड' (2010) ही डॉक्युमेंटरी पुन्हा पाहिली. कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत सुमारे 4,400 किलोमीटर, बहुतेक कच्च्या वाटा. सपोर्ट गाडी नाही, बक्षीसही नाही. डोंगर देखणे आहेत, पण गाणी जरा जास्तच. माणूस खचू लागला की कॅमेरा आभाळाकडे वळतो. चिखल उकरण्यातला कंटाळा फारसा दिसत नाही. तरी एक गोष्ट मानली. सिनेमाचा निर्माता माइक डायन स्वतः या रेसमध्ये उतरतो, ती अर्ध्यावर सोडतो, आणि ते कापून टाकत नाही. मी मात्र त्या दिवसाची राइड स्ट्राव्हावरून आधीच डिलीट केली होती.